कुऱ्हाड, फळी आणि नाच : 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४)

पाणंद

'सत्ते पे सत्ता' आमच्या पिढीने इतक्या वेळा पाहिलाय की मूळ इंग्रजी सिनेमा बघायचा राहूनच गेला. गेल्या महिन्यात तो एकदाचा पाहिला, आणि मग आठवड्याभरात आणखी दोनदा. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. साल १८५०, जागा ऑरेगनचा डोंगराळ मुलूख. अ‍ॅडम पाँटिपी (हॉवर्ड कील) कातडी विकायला गावात येतो आणि जाताना बायको घेऊनच जायची असं ठरवून येतो. खाणावळीत राबणारी मिली (जेन पॉवेल) त्याला आवडते, तिलाही तो आवडतो, आणि त्याच दिवशी दोघांचं लग्न लागतं. आता आपण दोघं आणि आपलं घर, असं मनात धरून मिली डोंगर चढते. दार उघडल्यावर कळतं की घरात सहा धाकटे दीर आहेत. दाढ्या वाढलेल्या, अंगाला वास, एकमेकांच्या उरावर बसणारे. आईने बायबलमधून नावं काढून इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळीने ठेवलेली: अ‍ॅडम, बेंजामिन, केलेब, डॅनियल, इफ्रेम, फ्रँक, गिडियन. मिली त्यांना माणसांत आणते, बायकांशी बोलावं कसं हे शिकवते. गावातल्या सहा मुलींवर सहाही जणांचा जीव जडतो. मग अ‍ॅडमच्या सांगण्यावरून ते त्या मुलींना पळवून आणतात, मागे खिंडीत हिमकडा कोसळतो आणि वसंत येईपर्यंत रस्ता बंद.

पण मला बोलायचंय ते नाचाबद्दल. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन तेव्हा तिशीचा. नृत्यरचनेसाठी त्याला मायकल किड हवा होता आणि किडने आधी नकार दिला होता. त्याचं म्हणणं असं, की हे रानात राहणारे आडदांड लोक. ते एकदम उठून नाचायला लागले तर प्रेक्षक हसतील. मला ही शंकाच या सिनेमाचं मूळ वाटते. तिला उत्तर शोधता शोधता किडने नाच त्यांच्या कामातून काढला. लाकूड फोडणं, ओंडका ओढणं, फळी खांद्यावर घेणं, दोघांनी मिळून करवत चालवणं. हातात कुऱ्हाड आहे, आणि त्या कुऱ्हाडीचा घाव जिथे संपतो तिथून नाच सुरू होतो. काम कुठे थांबलं आणि नाच कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

कोठार उभारणीचा प्रसंग बघा. तिकडे शेतकऱ्याचं कोठार गावाने मिळून उभं करायची रीत होती, सगळे राबायचे आणि मग जेवणावळ. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. त्या दिवशी कामाआधी जो नाच होतो, त्यात सहा भाऊ, सहा मुली आणि त्या मुलींवर आपला हक्क समजणारे गावातले सहा तरुण असे अठरा जण आहेत. सुरुवात साध्या जोडीच्या नाचाने होते, आणि बघता बघता त्याची फळीवरची, ओंडक्यावरची चढाओढ होते. सिनेमास्कोपचा तो लांबट पडदा पुष्कळ सिनेमांत नुसता रिकामा वाटतो. इथे डोननने तो माणसांनी भरलाय, आणि नाचणाऱ्याचे पाय कुठेही कापलेले नाहीत. डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस दिसतो.

मुली पळवण्याच्या भागाबद्दल माझ्या मनात अजून खळखळ आहे. त्यावर तुम्हीच लिहा, मला वाचायचंय.

सायली७७

मस्त धागा! 'सत्ते पे सत्ता' (१९८२) मध्ये भावांची नावं वारांवरून होती ना? रवी, सोम, मंगल, बुध, गुरू, शुक्र, शनी. मुळाक्षरांचे वार केले ही कल्पना मला अजूनही फार आवडते. आणि धाकटा शनी म्हणजे आपला सचिन पिळगावकर. आमच्या घरी तो सिनेमा आईने निव्वळ सचिनसाठी पहिल्यांदा पाहिला होता. अमिताभचा दुसरा अवतार, तो बाबू, मूळ सिनेमात आहे का?

पाणंद

नाही, बाबूचं सगळं प्रकरण आपल्याकडचं. मुळात खलनायक असा कुणी नाहीच. त्यामुळे उत्तरार्धात दोन्ही सिनेमांच्या वाटा पार वेगळ्या होतात. आर. डी. बर्मनची गाणी मात्र कशाचीही उसनवारी वाटत नाहीत, 'प्यार हमें किस मोड पे' तर नाहीच.

लेझीम

पाणंद, तुम्ही माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलात. मी शाळेत मुलांना लेझीम आणि मल्लखांब शिकवतो, गेली एकोणीस वर्षं. कोठाराचा नाच मी किती वेळा पाहिलाय याची गणती नाही. तंत्राबद्दल थोडं लिहितो.

सहाही भाऊ एका जातकुळीचे नर्तक नव्हते, आणि रचनेचं मर्म तिथेच आहे. जाक दाम्बुआझ (इफ्रेम) न्यूयॉर्क सिटी बॅलेचा. मार्क प्लॅट (डॅनियल) रशियन बॅलेच्या कंपनीत घडलेला. टॉमी रॉल (फ्रँक) बॅलेपासून टॅपपर्यंत सगळं करणारा. मॅट मॅटॉक्स (केलेब) जॅझ नृत्यातला, पुढे युरोपात त्याने पिढ्या घडवल्या. रस टॅम्ब्लिन (गिडियन) तर मुळात कसरतपटू. आणि जेफ रिचर्ड्स (बेंजामिन) नर्तकच नव्हे, तो बेसबॉल खेळायचा. किडने प्रत्येकाला त्याच्या अंगात जे आहे तेच दिलं. टॅम्ब्लिन कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांत आडवा धरून त्याच्याच वरून उड्या मारतो. रॉल अरुंद फळीवर कोलांटी घेतो. रिचर्ड्सकडे नीट पाहिलंत तर तो बहुतेक वेळ बाजूला किंवा बसलेला दिसेल, पण तो कमी पडतोय असं बघणाऱ्याला एकदाही जाणवत नाही. ज्याला येत नाही त्याला उघडं न पाडता गटात सामावून घेणं हे शिक्षक म्हणून मला रोज करावं लागतं, आणि ते किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

फळीबद्दल सांगतो. सुतारी घोड्यांवर आडवी टाकलेली फळी लवते. माणूस तिच्यावर उतरला की ती खाली जाते आणि परत वर फेकते. ज्याला त्या लवण्याचा ठेका सापडला नाही तो पडतो. ही मंडळी तो ठेका संगीताच्या ठेक्यात बसवून नाचतात. मल्लखांबावर हात घसरला तर खाली मऊ माती असते, इथे तीही दिसत नाही.

'लोन्सम पोलकॅट' कुणी काढलं नाही अजून. हिवाळा, बर्फ, लाकडं फोडणारे विरही भाऊ. सगळं गाणं एकाच सलग चित्रणात घेतलंय, मध्ये कुठेही काट नाही. हालचाल संथ, जड. कुऱ्हाडीचा घाव तालावर पडतो, करवत तालावर ओढली जाते. त्यात मॅटॉक्स कुऱ्हाड घेऊन जे वळणं घेतो ते थकलेल्या माणसाचं आहे, आणि तरी त्याची एकही रेषा मोडत नाही. माझ्या मते कोठाराच्या नाचापेक्षा हे वरचं. (गाण्यातला मॅटॉक्सचा आवाज मात्र त्याचा नाही, तो बिल ली या गायकाचा.)

रानवाटा

'लोन्सम पोलकॅट'ला अनुमोदन. कोठाराचा नाच बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, हे बघून गप्प बसावंसं वाटतं.

अवनी_क

मला या धाग्यात थोडा वेगळा सूर लावायचाय. राग मानू नका.

नाच थोर आहे, मान्य. पण मी हा सिनेमा चौदा वर्षांच्या मुलीबरोबर बघायला बसले आणि पळवून नेण्याच्या प्रसंगाला थांबवला. सहा मुलींना रात्री त्यांच्या घरांतून उचलून गाडीत घालून नेतात, त्या ओरडतायत, आणि पडद्यावर ते गमतीचं म्हणून चाललंय. मुलीने मला विचारलं, "आई, यात हसायचं काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूळ गोष्ट कुठली ते माहीत असूनही त्रास कमी होत नाही. प्लुटार्कने लिहिलेली रोमची कथा: रोम्युलसच्या नव्या नगरात बायका नव्हत्या, म्हणून सणाला बोलावून शेजारच्या सबाइन लोकांच्या मुली पळवल्या. स्टीफन व्हिन्सेंट बेनेने त्यावर अमेरिकेतली कथा लिहिली, तिचा हा सिनेमा. त्यात मिलीच्याच पुस्तकातून अ‍ॅडम ही गोष्ट वाचतो आणि 'सबाइन'चं 'सॉबिन', म्हणजे रडणाऱ्या बायका, करून त्यावर गाणं म्हणतो. 'त्या रडल्या खऱ्या, पण मनातून खूश होत्या' असा त्या गाण्याचा भाव आहे. हे वाक्य किती बायकांनी किती शतकं ऐकलंय!

आपल्याकडे सुभद्राहरण आहे, रुक्मिणीहरण आहे, असं कुणीतरी म्हणेल म्हणून आधीच लिहिते. रुक्मिणीने स्वतः कृष्णाला निरोप धाडला होता. १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' लिहिलं तेव्हा सुभद्रेचं मन आधीपासून अर्जुनापाशी आहे, आणि तिच्या इच्छेविरुद्ध काही होतंय तर ते दुर्योधनाशी ठरलेलं लग्न. तिथे हरण म्हणजे तिची सुटका आहे. इथे तसं नाही.

पाणंद

अवनी, राग कसला. तुमचं म्हणणं पटतं. एक बाजू मांडतो, ती कमी पडेल हे जाणून. त्या मुलींना हे भाऊ आवडलेले आहेत, हे कोठाराच्या दिवशीच दिसतं. आणि सिनेमा अ‍ॅडमला बरोबर ठरवत नाही. मुली आणल्यावर मिली त्याला ज्या शब्दांत सुनावते, ते ऐकून तो घर सोडून वरच्या डोंगरातल्या झोपडीत जाऊन राहतो, अख्खा हिवाळा.

अवनी_क

एखाद्याबरोबर नाचायला आवडणं आणि त्याने उचलून न्यावंसं वाटणं यांत फार मोठं अंतर आहे, पाणंद. मिलीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मी तिथवर पोचायच्या आधीच बंद केला होता. पुढचा भाग बघून लिहिते.

पोर्टलंडकर

मी ऑरेगनमध्येच राहतो, म्हणून थोडी भर.

सिनेमा बहुतांशी स्टुडिओत, रंगवलेल्या डोंगरांपुढे घेतलाय. पण १८५० हे साल मात्र इथल्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकन संसदेने ऑरेगनसाठी जमीनवाटपाचा कायदा केला. १ डिसेंबर १८५० पर्यंत इथे येऊन राहिलेल्या, अठरा वर्षांवरच्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला ३२० एकर. जोडप्याला त्याच्या दुप्पट, ६४० एकर, आणि त्यातला निम्मा वाटा बायकोच्या स्वतःच्या नावावर. त्या तारखेपासून वर्षभराच्या आत लग्न केलं तरी दुप्पट मिळायची. आता विचार करा, पुरुष जास्त, बायका कमी, आणि लग्न झालं की ३२० एकर वाढतात. त्यामुळे लग्नांची नुसती घाई उडाली, अगदी लहान मुलींचीही लग्नं लावली गेली. उशिरा आलेल्यांना याच्या निम्मी जमीन मिळे, आणि १८५५ मध्ये कायद्याची मुदत संपली.

म्हणून अ‍ॅडम बाजारातून सामान आणावं तशी बायको शोधतो, ते मला नुसती सिनेमाची कल्पना वाटत नाही. सिनेमात या कायद्याचं नावही निघत नाही, पण त्या वर्षी गावात उतरलेला अविवाहित शेतकरी असाच घाईत असणार.

याच कायद्याने जी जमीन वाटली ती इथल्या मूळ जमातींची होती. त्यांच्याशी तह पुरे व्हायच्या आत ती वाटली गेली. सिनेमात ती माणसं कुठेच नाहीत. कॅस्केड पर्वतात गाडीने जाताना डग्लस फरचं रान दिसलं की मला पाँटिपी भाऊ आठवतात, आणि पाठोपाठ हेही आठवतं.

सायली७७

बापरे. निम्मी जमीन बायकोच्या नावावर, तीही १८५० मध्ये? हे अजिबात माहीत नव्हतं.

थोरली जाऊ

मी इथे फार लिहीत नाही, वाचते. सुनेने हा सिनेमा मोबाइलवर लावून दिला. इंग्रजी भरभर कळत नाही, पण हा कळला.

माझं लग्न होऊन मी आले तेव्हा घरात पाच दीर होते. सगळ्यांत धाकटा नऊ वर्षांचा. सासूबाई आदल्याच वर्षी गेलेल्या. मला लग्नाआधी दोन दीर सांगितले होते. पहिल्या रात्री मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते आणि ताटातल्या संपत होत्या, कुणी मान वर करून बघत नव्हतं. हे वाईट लोक नव्हते. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं की स्वयंपाक करणारी जेवलीय का ते विचारायचं असतं.

त्या मिलीने पहिल्या रात्री किती मन लावून रांधलं होतं. आणि ते सहा जण तुटून पडतात, ओढाताण करतात. ती उठते आणि टेबलच उलथून टाकते. मी तिथे थांबवलं आणि पुन्हा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मला तेव्हा असं काही करता येईल हे सुचलंही नव्हतं.

तुम्ही सगळे कोठारातल्या नाचाबद्दल लिहिताय. मला त्याआधीचा, घरातला नाच जास्त आवडला. मिली दिरांना मुलींशी कसं बोलावं ते सांगते आणि एकेकाचा हात धरून पावलं शिकवते. आधी ओंडक्यासारखे असतात, मग एकेकाचं पाऊल सुटतं. आमच्या धाकट्या दिराला मी चहा करायला शिकवला तेव्हा घरात सगळे हसले होते. आज तो साठीचा आहे आणि त्याच्या घरी सकाळचा चहा तोच करतो.

अवनीताई, पळवून आणलेलं मलाही बघवलं नाही. पण पुढे बघा. मिली त्या सहा मुलींना घरात घेते आणि सहाही दिरांना गोठ्यात झोपायला लावते. ते घर नवऱ्याचं आहे, तरी दाराची कडी तिच्या हातात. नवरा रुसून निघून जातो, ती गरोदर आहे, आणि तरी ती शब्द मागे घेत नाही. मुलगी झाल्यावरही नाही.

लेझीम

थोरली जाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता तो नाच मी आजवर 'सोपा' म्हणून पुढे ढकलत आलो. आज नीट बघतो. न येणाऱ्या माणसाचं पाऊल खोटं न वाटता नाचून दाखवणं हे या नर्तकांना फळीवर नाचण्यापेक्षा कठीण गेलं असणार.

जुना_पडदा

थोडं पडद्यामागचं. एमजीएमने त्या वर्षी मोठी आशा ठेवली होती ती जीन केलीच्या 'ब्रिगडून'वर. या सिनेमाचा खर्च आखडता घेतला, म्हणून मागे खरे डोंगर न दिसता रंगवलेले दिसतात. संगीत नाटकांतले जंगलाचे आणि राजवाड्याचे पडदे ज्यांनी पाहिलेत त्यांना ते खटकणार नाहीत. मला तर त्या पडद्यांमुळेच सगळं आजीने सांगितलेल्या गोष्टीसारखं वाटतं. लोकांनी डोक्यावर घेतला तो हाच सिनेमा. संगीत-संयोजनाचं ऑस्कर मिळालं आणि सर्वोत्तम चित्रपटासाठी नामांकनही.

कपड्यांकडे बघा. वेशभूषाकार वॉल्टर प्लंकेटने मुलींच्या झग्यांसाठी जुन्या गोधड्या मिळवून त्या फाडून वापरल्या. म्हणून त्या कपड्यांना वापरलेपणाचा खरा रंग आहे. आणि भावांचे केस तांबडे, प्रत्येकाच्या सदऱ्याचा रंग वेगळा आणि ठळक, तर गावातल्या तरुणांचे कपडे मळकट, फिके. अठरा जण एकदम नाचतात तरी कोण कुणाकडचा हे क्षणभरही हरवत नाही, ते यामुळे.

जॉनी मर्सरची गीतं आणि जीन द पॉलच्या चाली यांवर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा.

रानवाटा

गोधड्यांचे झगे! आता पुन्हा बघणं आलं.

अवनी_क

पूर्ण बघितला. काल, मुलीबरोबरच. तिने स्वतःहून "पुढे काय झालं ते बघू" म्हटलं.

थोरली जाऊ, कडीबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून तिकडे लक्ष गेलं. मिली नसती तर हा सिनेमा मी कधीच पूर्ण केला नसता. लग्न लावायला पाद्री आणायचा विसरलो, हे भावांना खिंड बंद झाल्यावर आठवतं, आणि तिथून पुढे सगळा हिवाळा घरात मिलीचाच शब्द चालतो. अ‍ॅडमला उमज पडते ती स्वतःला मुलगी झाल्यावर. आपल्या मुलीला कुणी असं नेलं तर, हा विचार त्याच्या मनात येतो आणि तो मुलींना परत पोचवायला सांगतो. शेवटी बाप बंदुका घेऊन येतात, घरात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं, कुणाचं बाळ म्हणून विचारतात आणि सहाही जणी एका सुरात "माझं" म्हणतात. तिथे मुलगी खळखळून हसली. मीही हसले. 'सॉबिन विमेन' गाण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, आणि ते बदलणार नाही.

मुलीने एक गोष्ट दाखवली, ती मला सुचली नव्हती. ती भरतनाट्यम शिकते, म्हणून तिचं लक्ष पायांकडे असतं. ती म्हणाली, "आई, कोठाराच्या नाचात मुलीही मुलांइतक्याच नाचतायत. त्या हसून जोडीदार निवडतात, स्वतः हात पुढे करतात. पळवून आणल्यावर वसंतातलं गाणं आहे, मुली एकट्या असताना थोडं नाचतात, पण सगळे मिळून तसं परत कधीच नाचत नाहीत." मी रात्री मागे जाऊन तपासलं. खरंच नाहीत.

पाणंद

अवनी, मी आत्ता पुन्हा लावून बघितला. कोठाराच्या नाचात मुली स्वतः चालत येतात. लेझीम सर, तुमच्या लक्षात आलं होतं हे?

लेझीम

नाही. इतकी वर्षं मी फक्त मुलांचे पाय बघत होतो. अवनी, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.